कोर्कोव्हाडोला जायचंय? आधी सिरेनाची रात्र पक्की करा

कोस्टा रिकाच्या नैऋत्य टोकाला, पॅसिफिकमध्ये घुसलेल्या ओसा द्वीपकल्पावर कोर्कोव्हाडो राष्ट्रीय उद्यान आहे. राष्ट्राध्यक्ष दानिएल ओदुबेर यांच्या काळात, 1975 साली ते जाहीर झालं. जमिनीवरचं क्षेत्र साधारण 420 चौरस किलोमीटर. आकडा काही फार मोठा नाही. पण मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर सखल भागातलं एवढं सलग वर्षावन आता फारसं कुठे उरलेलं नाही, आणि देशात आढळणाऱ्या चारही जातींची माकडं इथे एकाच दिवसात दिसू शकतात.

इथे जाणारे बहुतेक जण एक गोष्ट उलट्या क्रमाने करतात. आधी विमानाची तिकिटं, मग हॉटेल, आणि सगळं ठरल्यावर 'जंगलात जायचं कसं?' हा प्रश्न. तोवर जंगलातल्या खाटा भरलेल्या असतात. मग पदरात पडते ती सकाळी बोटीने जाऊन दुपारी परतायची सहल. ती वाईट नसते, पण प्राण्यांच्या दृष्टीने दिवसातले सर्वात निकामी तासच तुमच्या वाट्याला येतात. म्हणून सगळा बेत एका गोष्टीभोवती बांधा: उद्यानाच्या आतल्या सिरेना स्टेशनवर, म्हणजे तिथल्या वनठाण्यात मुक्काम. जमलं तर दोन रात्री, नाहीतर निदान एक.

सिरेनाच का?

उद्यानात शिरायला बरीच ठाणी आहेत. उत्तरेला द्रेक उपसागराच्या बाजूने सान पेद्रिल्लो, दक्षिणेकडून ला लेओना, आतल्या बाजूने लोस पातोस आणि एल तिग्रे. सिरेना या सगळ्यांच्या मधोमध, समुद्राला लागून आहे. तिथे गाडीरस्ता पोचत नाही. जायचं ते बोटीने किंवा पायी.

उद्यान होण्याआधी या सपाट पट्ट्यात माणसं शेती करून राहत होती. ती गेल्यावर तिथे नवं जंगल उगवलं. नव्या जंगलात कोवळा पाला आणि फळं भरपूर, शिवाय दोन्ही बाजूंना नद्या आणि चिखलाची डबकी. शिकार थांबून बरीच वर्षं झाल्यामुळे जनावरं माणसाला फारशी बुजत नाहीत. जुन्या, उंच, अंधाऱ्या जंगलात प्राणी कमी नसतात, पण दिसत नाहीत. सिरेनाला दिसतात.

महिना निवडताना

डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत कोरडा हंगाम. कोरडा म्हणजे इथल्या मानाने कोरडा; सर अधूनमधून येतेच. पायवाटा चालण्याजोग्या असतात, नद्या उतरलेल्या असतात, आणि अर्थातच गर्दी याच काळात असते. नाताळ ते नववर्ष आणि ईस्टरचा आठवडा टाळा.

मे ते ऑगस्ट पावसाळी, पण सकाळ बहुधा उघडी आणि पाऊस दुपारनंतर. माझं मत विचाराल तर जुलै-ऑगस्ट सर्वात चांगला सौदा: गर्दी कमी, जंगल हिरवंगार, आणि द्रेकजवळच्या समुद्रात दक्षिण गोलार्धातून आलेले कुबडे देवमासे याच सुमारास दिसू लागतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस झोडपून काढतो. सिरेना ऑक्टोबरमध्ये सहसा पर्यटकांसाठी बंद असतं, तेव्हा तो महिना सोडूनच द्या.

परवाना आणि गाइड

2014 पासून कोर्कोव्हाडोत अधिकृत गाइडशिवाय कुणालाच आत सोडत नाहीत. 'आम्ही ट्रेकर आहोत, नकाशा आहे' हे चालत नाही. उद्यान चालवणारी सरकारी संस्था सिनाक परवाने देते. दर ठाण्याला रोजची माणसं ठरलेली, रात्रीच्या खाटा त्याहून मोजक्या. परवाना पासपोर्ट क्रमांकावर निघतो, त्यामुळे आयत्या वेळी आतेभावाच्या जागी मामेभाऊ आला तर प्रवेश मिळणार नाही. मूळ पासपोर्ट सोबत ठेवा.

स्वतः परवान्याच्या मागे लागण्यापेक्षा गाइडला किंवा स्थानिक सहल कंपनीला ते काम द्या. परवाना, खाट, जेवण, बोट या चार गोष्टी एकाच तारखेला जुळवायच्या असतात आणि ते त्यांना रोजचं आहे. कोरड्या हंगामासाठी तीन-चार महिने आधी विचारा. परदेशी प्रवाशाला प्रवेशशुल्क दिवसाला साधारण 15 डॉलर अधिक कर. पण बोट, गाइड, खाट, जेवण धरून दोन दिवस-एक रात्रीचा खर्च माणशी 300 डॉलरच्या वरच जातो.

गाइड ठरवताना हे विचारा:

- कोस्टा रिकाच्या पर्यटन संस्थेचं ओळखपत्र आहे का?
- तिपाईवरची दुर्बीण सोबत आणणार का? झाडाच्या शेंड्यावरचा स्लॉथ नुसत्या डोळ्यांना वाळवीच्या घरट्यासारखा दिसतो. दुर्बिणीतून त्याची नखं मोजता येतात.
- गटात किती जण? सहा-सातांच्या वर असतील तर दुसरा गाइड बघा. मागचे लोक पुढे पोचेपर्यंत प्राणी निघून गेलेला असतो.
- इंग्रजी कितपत येतं?

चांगला गाइड 'जॅग्वार नक्की दाखवतो' असं म्हणत नाही. म्हटलं तर तिथेच फोन ठेवा.

कागदपत्रं आणि लस

भारतीय पासपोर्टवर कोस्टा रिकाचा व्हिसा लागतो. अमेरिकेचा एकाहून अधिक प्रवेशांचा वैध व्हिसा असेल तर वेगळा काढावा लागत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींची इथे सोय होते. हे नियम बदलत असतात, म्हणून पैसे भरण्याआधी दिल्लीतल्या वकिलातीकडून खात्री करून घ्या. परतीचं किंवा पुढचं तिकीट दाखवावं लागतं. येताना दक्षिण अमेरिकेतल्या किंवा आफ्रिकेतल्या पीतज्वराच्या देशांतून येणार असाल तर लसीचा दाखला लागू शकतो, आणि ती लस प्रवेशाच्या निदान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. डेंग्यू मात्र इथे आहे. डासांपासून जपणं हाच उपाय.

द्रेक की पुएर्तो हिमेनेस?

राजधानी सान होसेहून ओसाला जायला दोन दरवाजे आहेत.

द्रेक उपसागरावरचं आगुहितास गाव उत्तरेला. सान होसेहून किनाऱ्याच्या रस्त्याने पाल्मार, तिथून सिएर्पे. सिएर्पेहून बोट खारफुटीतून नदीच्या मुखाकडे जाते, मुखाशी लाटांवरून उसळत समुद्रात निघते आणि तासाभरात द्रेकला पोचते. ही बोट म्हणजे नुसती वाहतूक समजू नका, मगरी आणि बगळे इथेच दिसायला लागतात. बोटी दिवसाकाठी मोजक्याच, एक सकाळी उशिरा आणि एक दुपारी. दुपारची चुकली तर सिएर्पेलाच मुक्काम. द्रेकला उतरताना धक्क्याची अपेक्षा ठेवू नका. गुडघाभर पाण्यात उडी मारायची, चपला हातात आणि बॅग खांद्यावर.

पुएर्तो हिमेनेस दुसऱ्या बाजूला, आतल्या शांत आखातावर. सान होसेहून बसने सात-आठ तास. छोटं विमानही जातं आणि तासाभरात पोचतं, पण त्यात सामानाची मर्यादा कडक असते. गावात बँक, किराणा, दवाखाना सगळं आहे.

निवड सोपी आहे. बोटीने सिरेनाला जायचं असेल तर द्रेक. चालत जायचं असेल तर पुएर्तो हिमेनेस. आणि कुठूनही जा, रोख रक्कम आधीच काढून ठेवा. द्रेकला एटीएमच्या भरवशावर जाऊ नका. कोलोन हे चलन, पण डॉलर सर्रास घेतात. नोटा लहान आणि न फाटलेल्या असाव्यात. विजेचा दाब 120 व्होल्ट आणि प्लग अमेरिकन पद्धतीचे. त्यासाठी अडॅप्टर घ्या, आणि चार्जर दोन्ही दाबांवर चालतो का ते बघा.

बोट की पायवाट?

द्रेकहून सिरेनाची बोट सकाळी सहाच्या सुमारास निघते. तास-सव्वा तासाचा समुद्र. उलटीची गोळी लागणाऱ्यांनी ती निघण्याआधी घ्यावी, लाटा सुरू झाल्यावर नव्हे.

पायी जायचं तर प्रचलित वाट ला लेओनाची. पुएर्तो हिमेनेसहून कारातेपर्यंत मागे बाक लावलेला ट्रक जातो. रस्ता ओढ्यांतूनच जातो. कारातेहून ला लेओना ठाणं साडेतीन किलोमीटर, सगळी वाळू. तिथून सिरेना सुमारे 16 किलोमीटर, सहा ते आठ तास. अंतर ऐकून सह्याद्रीत फिरलेल्यांना हसू येईल. पण इथे चढ नाही म्हणून वाट सोपी, असा हिशेब करू नका. मऊ वाळू, डोक्यावर आठ अंश अक्षांशाचं ऊन आणि घाम न वाळणारी हवा. माणसं थकतात ती याने. वाटेत नद्या ओलांडायच्या आणि किनाऱ्यावरचे काही खडकाळ टप्पे फक्त ओहोटीलाच पार होतात. त्यामुळे निघायची वेळ घड्याळ नाही, भरती-ओहोटीचं वेळापत्रक ठरवतं. गाइड पहाटे चारला उठवेल; वाद घालू नका.

लोस पातोसची वाट आतल्या डोंगराळ जंगलातून येते, अधिक लांब आणि अधिक निर्मनुष्य. ती सरावलेल्यांसाठी. माझा सल्ला: जाताना ला लेओनाहून चालत, सिरेनाला दोन रात्री, आणि परत बोटीने द्रेकला. एकाच सहलीत दोन्ही चेहरे बघून होतात. मुलं किंवा वयस्क सोबत असतील तर जाता-येता बोट.

पाठीवर काय, आणि काय नाही

सुती कपडे घरीच ठेवा. एकदा भिजले की ते वाळत नाहीत. पातळ कृत्रिम धाग्याचे दोन जोड पुरतात: एक चालायचा, एक रात्री कोरडा घालायचा. कोरडा जोड काहीही झालं तरी दिवसा बाहेर काढायचा नाही. तोंड गुंडाळून बंद होणारी पाणबंद पिशवी, त्यात कॅमेरा, पासपोर्ट, फोन. 8×42 ची दुर्बीण प्रत्येकाची स्वतःची हवी. हेडलॅम्प, ओआरएसची पाकिटं, कानात घालायचे बोळे (एका छपराखाली ओळीने खाटा असतात आणि घोरणारे सर्व देशांतून येतात). सिरेनाला चादर आणि मच्छरदाणी मिळते.

पायात काय? सिरेनाच्या आसपास चिखलात फिरायला गुडघ्याखालपर्यंतचे रबरी गमबूट उत्तम. द्रेकला ते भाड्याने मिळतात. वाळूतून सोळा किलोमीटर चालायला मात्र गमबूट नकोत, तिथे वापरून मऊ झालेले बूट घाला.

एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक उद्यानात नेता येत नाही. स्टीलची किंवा तशीच टिकाऊ बाटली घ्या. ड्रोनला बंदी आहे. सिरेनाला स्वतः स्वयंपाक करता येत नाही. जेवण तिथल्या भोजनगृहात, आधी नोंदवून. भात, राजमा-काळा घेवडा, तळलेली केळी, कोशिंबीर आणि सोबत मांस किंवा मासा असं साधं जेवण असतं. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, आणि तपशिलात सांगा. 'मांस नको' म्हटल्यावर ताटात कोंबडी किंवा ट्यूना येऊ शकतो. 'नो कार्ने, नो पोयो, नो पेस्कादो' असं तिन्ही म्हणायचं, अंडं नको असेल तर 'नो उएवो' सुद्धा.

जंगलात बघायचं कसं

खरी मजा इथे आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

पहाटे साडेचार-पाचला हाउलर माकडं ओरडायला लागतात. कित्येक किलोमीटर ऐकू जाणारा तो आवाज ऐकून नवखा माणूस 'जॅग्वार!' म्हणतो. त्याआधीच तयार होऊन ओसरीवर या. उजाडल्यानंतरचे दोन तास आणि मावळतीआधीचे दोन तास, हेच तुमचे. दिवसाची सहल करणारे सकाळी यावेळी समुद्रात बोटीवर असतात आणि मावळतीआधी परत गेलेले असतात. दुपारी अकरा ते दोन खुशाल झोपा.

चालताना वर बघत राहिलं की मान अवघडते आणि हाती काही लागत नाही. आधी ऐका. पानांवर टपटप फळं पडत असतील तर वर कोळी-माकडं खात आहेत असं समजा. मग वर नाही, खाली बघा. अगूती नावाचा सशाएवढा कुरतडणारा प्राणी त्या सांडलेल्या फळांसाठी नेमका तिथे येतो; पाठोपाठ लांब नाकाड्याचा कोआती, कधी रानडुकरासारखी पेकरी. एका झाडाखाली अर्धा तास उभं राहिलात तर पायवाटेवर दोन तास चालून दिसतं त्याहून जास्त दिसतं. कोळी-माकडांच्या अगदी खाली मात्र थांबू नका. चिडली की वाळक्या फांद्या मोडून टाकतात.

तसंच लष्करी मुंग्यांचं. जमिनीवर मुंग्यांचा काळा पट्टा सरकताना दिसला आणि भोवती छोटे पक्षी एकसारखे उडत-बसत असले, तर ते मुंग्यांना खायला आलेले नाहीत. मुंग्यांपुढे जीव घेऊन पळणारे किडे टिपायला आले आहेत. पट्ट्याच्या बाजूला, दोन हात अंतर राखून उभे राहा.

टापीर हे सिरेनाचं खरं वैभव. बेअर्ड्स टापीर हा मध्य अमेरिकेतला सर्वात मोठा जमिनीवरचा सस्तन प्राणी, दोन-अडीचशे किलोचा. जगभरात तो धोक्यात आहे, आणि इथे दुपारी चिखलात गाढ झोपलेला सापडतो. आधी दिसतात ते चिखलाबाहेर आलेले कान, त्यांच्या कडा पांढऱ्या. मग मध्येच लांब वरचा ओठ उचलला जातो, हवा हुंगतो आणि परत खाली. त्याचं नाक तेज, डोळे अधू. गाइड थांबवेल तिथे थांबा. पिल्लू सोबत असेल तर आणखी मागे.

समुद्रकाठी लाल मकाव पोपट शोधावे लागत नाहीत. किनाऱ्यावरच्या ज्या झाडांवर ते जोडीजोडीने कलकलाट करतात, ते झाड तुमच्या ओळखीचं निघेल: आपलाच देशी बदाम. मूळचा आशियातला, तिकडच्या किनाऱ्यांवर रुजलेला. मकाव एका पायात फळ धरतो, चोचीने फिरवून फिरवून टणक कवच फोडतो, आतली बी काढतो आणि उरलेलं खाली सोडतो. झाडाखाली ताजी कुरतडलेली टरफलं दिसली की मान वर करा.

जॅग्वारची आस सोडा. तो आहे, वाळूवर ठसे सापडतात, किनाऱ्यावर अंडी घालायला आलेली कासवंही तो मारतो. पण दिसणं म्हणजे लॉटरी. प्यूमाची शक्यता त्याहून बरी. रात्री उद्यानात हिंडायला परवानगी नाही, तेव्हा बेडूक, कोळी आणि साप बघायची रात्रीची फेरी द्रेकला, उद्यानाबाहेर करा. ती अजिबात चुकवू नका.

धोके, त्यांच्या खऱ्या क्रमाने

लोक सापाला घाबरतात आणि उन्हाने आडवे होतात. तेव्हा पहिला धोका अंगातल्या पाण्याची कमतरता. तहान लागायची वाट न बघता पीत राहा.

दुसरा, पाणी. सिरेना नदीत मगरी आहेत आणि भरतीच्या वेळी समुद्रातून बुल शार्क आत येतात. गाइड सांगेल तिथेच आणि तेव्हाच नदी ओलांडायची. पोहायचं तर नाहीच.

तिसरा, साप. तेर्सिओपेलो नावाचा अत्यंत विषारी साप पाचोळ्यात बेमालूम मिसळतो. देशातल्या गंभीर दंशांत याचाच वाटा मोठा. पायवाट सोडायची नाही, पाऊल ठेवण्याआधी बघायचं, ओंडक्यावरून थेट पलीकडे पाय टाकायचा नाही. कोस्टा रिकात क्लोदोमीरो पिकादो संस्था प्रतिविष बनवते, पण तुम्ही रस्ता नसलेल्या जागी आहात आणि मोठं रुग्णालय द्वीपकल्पाच्या बाहेर आहे. बाहेर काढण्याचा खर्च भरून देणारा प्रवास विमा घ्या. आपत्कालीन क्रमांक 911.

हात कुठे टेकता तेही बघा. तोल गेला की आपण झाडाचं खोड धरतो, आणि नेमक्या त्याच खोडावर काटे किंवा बुलेट मुंगी असते. तिच्या डंखाची कळ दिवसभर राहू शकते.

पांढऱ्या ओठांच्या पेकरींचा कळप आला तर आधी उग्र वास येतो, मग दात आपटल्याचा आवाज. पळायचं नाही. गाइडच्या मागे एकत्र उभं राहायचं, तो सांगेल तर झाडावर किंवा ओंडक्यावर चढायचं.

पावसाळी ट्रेक केलेल्यांना जळवा आठवत असतील. इथे जमिनीवरच्या तशा जळवा नाहीत. त्यांची जागा गोचिडांनी आणि डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या लाल किड्यांनी भरून काढली आहे, ज्यांची खाज आठवडाभर पुरते. पँट मोज्यात खोचा, मोज्यांवर आणि कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक आधीच मारून आणा, गवतावर बसू नका, आणि रात्री अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली नीट तपासा.

परतीचा हिशेब

सिरेनाहून निघाल्या दिवशी आंतरराष्ट्रीय विमान पकडायचा बेत कधीच आखू नका. समुद्र खवळला तर बोट सुटत नाही, पावसात छोटी विमानं रद्द होतात, नदी चढली तर कारातेचा ट्रक अडतो. एक पूर्ण दिवस हाताशी मोकळा ठेवा. सगळं वेळेवर झालं तर त्या दिवशी द्रेकहून कान्यो बेटावर स्नॉर्केलिंगला जाता येतं. त्याचंही आरक्षण आधी लागतं, पण ते सिरेनाच्या खाटेइतकं दुर्मीळ नसतं. आणि दुर्बीण, कॅमेरा, बूट रात्री पिशवीत कोंबून ठेवू नका. या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते.